तीन बाय तीन

सतरा वर्षं मी तीन दिवसांची घरं बांधतोय.
तीन मीटर बाय तीन मीटर,
मोशीच्या त्या भल्यामोठ्या छपराखाली.
प्लाय, फेविकॉल, फ्लेक्स, थर्माकोलची अक्षरं,
खाली गालिचा, त्यावरचं प्लास्टिक तसंच
उद्घाटनाची फीत कापेपर्यंत.
तिसऱ्या रात्री हातोडा.
किती ट्रक भरले, मोजलं नाही.
मोजायचे पैसे कुणी देत नव्हतं.

यंदा खळदकर साहेब म्हणाले, आपला स्टॉल ग्रीन पाहिजे.
म्हणजे, साहेब?
म्हणजे हिरवा. लॉन टाका, मागे पानाचा मोठा फ्लेक्स.
भोसरीत तीस वर्षं पंप बनवणारा माणूस,
वॉशरमधून थेंब गळला तरी कासावीस होतो,
आणि प्लास्टिकचं गवत मागतो.
मी म्हणालो, दोन दिवस द्या.

बुरूड आळीत यमुनाबाई सूप विणत होत्या.
"किती दिवस टिकाया पायजे?"
तीन दिवस, म्हटलं.
हातातली कांब थांबली.
"तीन दिवसाला एवढा बांबू?
तिरडीचा घिऊन जा मग. त्यो बी येवढाच टिकतो."

सतरा वर्षांचं बिल
असं एका ओळीत कुणी लिहून दिलं नव्हतं.

मग त्यांनीच ठरवलं.
खिळा नाही, भोक नाही.
काथ्याची गाठ, एका ओढीत सुटणारी.
"सुटली न्हाई तर ती गाठ नव्हं, फास."
बांबू उसने. फुटेल त्याचे पैसे.

अक्षरं शिवली कारखान्यातल्या जुन्या निळ्या शर्टांची.
'पंप्स'मधल्या पहिल्या प वर
एक खिसा आला, ग्रीसच्या अंगठ्यासकट.
तो काढू नका, म्हणाले साहेब.
कुणाचा ते ओळखलं असावं, सांगितलं नाही.

सगळं गोडच झालं असं नाही.
एसीत बांबू रात्रभर कुरकुरले,
वॉचमन दोनदा बॅटरी मारून गेला.
दुसऱ्या सकाळी भुंग्यानं पोखरलेल्या कांबीतून
पिवळी भुकटी थेट माहितीपत्रकांवर.
शेजारच्या स्टॉलमधली कोटातली मुलगी
टिश्यू पुढे करत म्हणाली, नॅचरल आहे ना, चालायचंच.
साहेब दोन तास माझ्याशी बोलले नाहीत.
पंपांची चौकशी बेताचीच.
पण येईल तो बांबूला हात लावून जायचा,
जसं देवळात खांबाला लावतात, कारण नसताना.
एक गृहस्थ, फौजेतून निवृत्त,
एकाच गाठीपाशी दहा मिनिटं उभे राहिले
आणि ती उलटी बांधलीय एवढंच सांगून गेले.
उलटीच होती.

बाहेर डिझेलचा जनरेटर
तिन्ही दिवस घरघरत होता.
तेही सांगायला हवं.

तिसरी रात्र.
डावीकडे हातोडा, उजवीकडे हातोडा,
प्लाय फाटताना करतो तो आवाज
मला आजवर ऐकूच आला नव्हता,
मीच करत होतो म्हणून असेल.
आमचा रामसूरत, जन्माचा सुतार,
हातोडी खिशात ठेवून गाठी ओढत होता
आणि दर गाठीला थोडा ओशाळा हसत होता.
चाळीस मिनिटांत तीन बाय तीनची
नुसती फरशी उरली.

यमुनाबाईंनी पहाटे टेम्पोपाशीच मोजून घेतले,
एकेक बांबू टिचकीनं वाजवत.
"बत्तीस. एक फुटलाय. दीडशे."
त्याच्या कांबी होतील की, सूप होईल, म्हटलं मी.
"व्हईल. पर बोली झाली व्हती."
दिले.

घरी येऊन खिसा रिकामा केला टेबलावर.
अकरा केबल टाय, कापलेले,
दिव्यांसाठी गुपचूप वापरले होते.
बायको म्हणाली, हे काय आणलंय?
कचरा, प्रदर्शनाचा.
एवढाच?
जनरेटर धरला नाही तर, म्हटलं.